पगार माझा जास्त आणि कार्डाचं लिमिट बायकोचं जास्त, हे कसं काय?

सातपूरचा_संत्या
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी नाशिकच्या अंबडला एका ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे, हातात ७८ हजार येतात. बायको कॉलेज रोडला एका क्लासच्या ऑफिसात आहे, तिला ३१ हजार. आता गंमत बघा, माझ्या क्रेडिट कार्डाचं लिमिट ४५ हजार आणि तिच्या कार्डाचं १ लाख ८० हजार. बँका वेगवेगळ्या. मी आजवर एक बिल चुकवलेलं नाही, पूर्ण भरतो, ते मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातला थोडाच भाग भरून बाकी पुढे ढकलायची, वगैरे भानगड आपल्याकडे नाही. परवा फ्रिज घ्यायला गेलो तर कॅशबॅक नेमका माझ्या बँकेच्या कार्डावर आणि लिमिट पुरेना, शेवटी तिच्या कार्डावर घेतला, ऑफर गेली ती गेलीच, वर सेल्समनसमोर "राहू द्या हो, मी करते" हे ऐकावं लागलं.

बँकेत विचारलं तर म्हणे "सर, सिस्टिम ठरवते". ही सिस्टिम पगार बघते, सिबिल बघते का कुंडली बघते? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गोदाकाठचा_मुशाफिर
कुंडलीच बघते. फक्त मंगळाच्या जागी ईएमआय असतो आणि साडेसाती लागली की वसुलीचे फोन येतात.

ओझरवाली
मुशाफिर, हाहाहा. संत्या दादा, तुमच्या बायकोला हा धागा दाखवू नका. वाचतेय, मलाही याच विषयावर लिहायचंय, रात्री सवडीने टंकते.

माजी_स्टॉलवाला
संत्या भाऊ, मी बरीच वर्षं कार्ड विकायचं काम केलंय. सिटी सेंटर मॉलच्या बाहेर "सर एक मिनिट" करत मागे लागणारी पोरं आठवतात ना, त्यातलाच एक, त्यामुळे शिव्या आधीच खाऊन झाल्यात, आता निवांत सांगतो.

पहिली गोष्ट, सिबिल म्हणजे लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणारा ब्युरो, आणि त्याच्या स्कोअरमध्ये पगार नसतोच. लोकांना हे सांगून पटत नाही. ३०० ते ९०० मधला तो आकडा निघतो तो फक्त घेतलेलं कर्ज तुम्ही कसं फेडलं यावरून. कुठलं कर्ज, किती जुनं, हप्त्याला किती दिवस उशीर झाला, कार्डाच्या लिमिटपैकी किती वापरून बसलात, आणि अलीकडे किती बँकांची दारं ठोठावलीत. लाखभर पगारवाला ६४० वर आणि दुकानातला हेल्पर ७९० वर, असे अर्ज सर्रास यायचे माझ्याकडे.

पगार बघते ती बँक, आणि तीसुद्धा अर्ज आला तेव्हा एकदा. सॅलरी स्लिप, फॉर्म १६, खात्याचं स्टेटमेंट. त्यातून चालू हप्ते वजा करतात. हप्तेच पगाराच्या निम्म्यावर गेले असतील तर लिमिट आखडतं नाहीतर अर्जच परत. मग कंपनी बघतात, बँकांकडे कंपन्यांच्या याद्या असतात, मोठी लिस्टेड कंपनी वरच्या कॅटेगरीत आणि तिलाच माल पुरवणारा अंबडमधला छोटा व्हेंडर खालच्या, दोन्हीकडे पगार सेम असला तरी. त्यावर वय, पिनकोड, आणि प्रत्येक बँकेचा आपापला फॉर्म्युला, जो आम्हालाही कधी दाखवला नाही. मोटामोटी असं समजा की कार्ड द्यायचं का नाही हे स्कोअरवर, पहिलं लिमिट किती हे बरंचसं पगारावर, आणि पुढे वाढवायचं का हे तुमच्या वापरावर.

आता मला सांगा, कार्ड कधी काढलं, तेव्हा पगार काय होता, आणि आता पगार त्याच बँकेत येतो का?

सातपूरचा_संत्या
२०१८ ला काढलं, ट्रेनी होतो, १८ हजार मिळायचे. नंतर कंपनी बदलली, आता पगार दुसऱ्याच बँकेत येतो.

माजी_स्टॉलवाला
मग झालं की. त्या बँकेच्या लेखी तुम्ही अजून ट्रेनीच आहात.

सातपूरचा_संत्या
अहो पण इतकी वर्षं बिल भरतोय, एवढं तर कळायला पाहिजे ना त्यांना की माणूस पुढे गेलाय.

नाशिकरोडचे_आजोबा
मी उभी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये काढली. नोटा डोळ्यासमोर छापल्या जाताना बघितल्या आहेत. ज्याच्या खिशात नोट असेल त्याने फ्रिज घ्यावा, नसेल त्याने माठातलं पाणी प्यावं. माझी ऐपत किती हे कुणा तिसऱ्याने बसून ठरवावं हेच मुळात मला पटत नाही.

गोदाकाठचा_मुशाफिर
आजोबा, तुम्ही किती नोटा छापायच्या त्याचं लिमिट पण रिझर्व्ह बँकेकडूनच यायचं ना?

नाशिकरोडचे_आजोबा
हा मुद्दा आहे खरा.

ओझरवाली
हां, आता लिहिते. आमच्याकडे आजोबांच्याच विचारांचा माणूस आहे. नवरा एचएएलमध्ये, पगार उत्तम, घर सासऱ्यांनी बांधलेलं, गाडी रोखीने घेतलेली, आयुष्यात एक रुपया कर्ज नाही आणि त्याचा कोण अभिमान! आम्हाला वाटलं कार्ड तर घरी आणून देतील. अर्ज केला, नामंजूर. सिबिलचा रिपोर्ट काढला तर स्कोअरच्या जागी चक्क उणे एक. म्हणजे वाईट नाही, नोंदच नाही. कर्ज घेतलंच नाही तर फेडणार कसं आणि फेडलं नाही तर भरवसा कसा ठेवणार, असा सगळा उफराटा कारभार.

मग आमच्या शाखेतल्या एका भल्या मॅडमनी सुचवलं म्हणून १ लाखाची एफडी करून त्यावर कार्ड घेतलं. लिमिट ८० हजार. एफडीचं व्याज आपलं चालूच राहतं. त्यावर भाजी-पेट्रोल करत राहिलो, वर्षाच्या आत स्कोअर दिसायला लागला, आणि तो पण असातसा नाही, ७६०. आता त्याच बँकेचे मेसेज येतात की एफडी नसलेलं कार्ड घ्या म्हणून. नवरा म्हणतो आता मला नको, तेव्हा कुठे गेला होता.

बिनव्याजी_बंड्या
नवरा बरोबर बोलतोय.

द्राक्षवाला_दिंडोरी
तुमचं सगळं पगारदारांचं चाललंय, आमचं काय? चार एकर बाग आहे. चांगल्या साली येतो तो पैसा तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या पॅकेजवर जातो पण येतो कधी तर फेब्रुवारी ते एप्रिल, एकदम, आणि तो पण व्यापारी माल उचलून पळून गेला नाही तर. बाकीचे महिने औषधं, मजुरी, छाटणी, नुसता जाणारा पैसा. कार्ड मागायला गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो काका सॅलरी स्लिप. म्हटलं ऑक्टोबर छाटणीच्या मजुरीची पावती आहे ती चालेल का. मग म्हणे आयटी रिटर्न. आता शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही म्हणून आम्ही रिटर्न भरत नाही, आणि रिटर्न नाही म्हणून यांच्या लेखी उत्पन्नच नाही. टॅक्स माफ म्हणजे माणूसच माफ.

सीए_पंचवटी
दिंडोरीकर, तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे पण उपाय थोडा तुमच्या हातात पण आहे. शेती उत्पन्न करमुक्त आहे, रिटर्न भरायला कुणाची मनाई नाही. शेती उत्पन्न दाखवून रिटर्न भरा, कर शून्य येईल, पण कागद तयार होईल. व्यापाऱ्याकडून पैसे रोख घेऊ नका, खात्यात घ्या, बिलं जपा, सातबारा जोडा. दोन-तीन वर्षांचे रिटर्न एका ओळीत दिसले की बँकेचा सूर बदलतो. सगळ्या बँका शेती उत्पन्न पूर्ण धरतील असं मी म्हणणार नाही, काही अजूनही नाक मुरडतात.

आणि जाता जाता व्यापारी मंडळींना पण एक. माझे अर्धेअधिक क्लायंट मेनरोड आणि रविवार कारंजाचे. रिटर्न भरायच्या वेळी "साहेब नफा जरा दाबून दाखवा" आणि दिवाळीच्या खरेदीला "साहेब बँकेने लिमिट एवढंच कसं दिलं". अरे बाबा, तूच सांगितलंस तेवढं! धंदेवाल्याची सॅलरी स्लिप म्हणजे रिटर्न. एकाच कागदावर आयकरवाल्याला गरिबी आणि बँकेला श्रीमंती दाखवायची सोय अजून तरी आलेली नाही.

अजून एक, वर्षभरात क्रेडिट कार्डाची बिलं १० लाखांच्या वर भरली, किंवा रोखीने १ लाखाच्या वर भरली, तर बँक ते आयकर खात्याला कळवते. उत्पन्न ४ लाख दाखवून कार्डावर १२ लाख फिरवणाऱ्यांनी नोंद घ्यावी. आमच्यातही आहेत, नावं घेत नाही.

गोदाकाठचा_मुशाफिर
सीए काका, "आमच्यातही" म्हणजे सीए का क्लायंट?

सीए_पंचवटी
पुढचा प्रश्न.

द्राक्षवाला_दिंडोरी
हा घ्या पुढचा प्रश्न. पीक कर्ज सिबिलमध्ये येतं का हो? सरकार तर म्हणतं पीक कर्जाला सिबिल विचारू नका.

सीए_पंचवटी
येतं. पीक कर्ज देताना सिबिलची अट घालू नका असं सरकारने बँकांना बजावलंय हे बरोबर, पण ते पीक कर्ज देण्यापुरतं. कार्ड मागायला गेलात की तुमचा अख्खा रिपोर्ट उघडतो आणि त्यात पीक कर्ज पण दिसतं. मार्चअखेर नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलायचं, राहून गेलं की ते थकीत दिसतं. आणि माफीची वाट बघत किंवा ओटीएस, म्हणजे बँकेशी तडजोड करून कमी रकमेत एकरकमी, मिटवलेलं असेल तर तिथे "सेटल्ड" असा शेरा बसतो, पूर्ण फेडलं असं येत नाही. कार्डवाली बँक तो शेरा बघून मागे सरकते.

सिडकोची_सई
सेटल्डवरून आठवलं, जामीनकीबद्दल कुणी बोललंच नाही. माझ्या बाबांनी त्यांच्या मित्राला एका सहकारी बँकेत जामीन राहून सही दिली होती, चहा पिता पिता, जशी आपल्याकडे देतात. मित्राचे हप्ते थकले. बाबांना ना फोन ना पत्र. ते निवृत्त व्हायच्या आधी कार्डाचं लिमिट वाढवायला गेले तर नकार. रिपोर्ट काढला तर त्यात ते कर्ज बाबांच्या नावाखाली, पुढे गॅरंटर असं लिहिलेलं, आणि महिन्यांच्या चौकोनांत ३०, ६०, ९० असे दिवस चढत गेलेले. बाबांचं स्वतःचं होमलोन शेजारच्याच पानावर सगळं शून्य शून्य शून्य. दोन पानं शेजारी ठेवून बघत बसले होते बराच वेळ.

मित्राशी बोलणं आता सुरू आहे पण आई त्यांना पोहे करत नाही.

माजी_स्टॉलवाला
सई ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. गेल्या ३६ महिन्यांचे ते चौकोन असतात, त्यांना डीपीडी म्हणतात, म्हणजे हप्त्याला किती दिवस उशीर झाला ते. आमच्याकडे फाइल आली की स्कोअरच्या आधी साहेब तेच बघायचे.

जय_गोदामाई
माझी उलटी तक्रार आहे. एका खासगी बँकेने मला न विचारता लिमिट ९० हजारावरून डायरेक्ट अडीच लाख केलं. मेसेज आला "अभिनंदन". अभिनंदन कसलं, मी मागितलं होतं का? माझ्या हाताला भोक आहे हे मला माहितीये म्हणून मी कमी लिमिट ठेवलं होतं.

नियमवाले_नाना
गोदामाई, तुमच्या बँकेने नियम मोडलाय. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट कार्डांवर मास्टर डायरेक्शन, म्हणजे बँकांसाठी नियमावली, काढली, ती १ जुलै २०२२ पासून लागू झाली. त्यात स्पष्ट आहे की ग्राहकाच्या उघड संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही. न मागता कार्ड गळ्यात मारलं किंवा अपग्रेड केलं आणि त्याचं बिल लावलं तर ते रद्द करून त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. कार्ड बंद करायला सांगितलं, बाकी काही थकलेलं नाही, तरी सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर दिवसाला ५०० रुपये. आणि अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवायचं. ओझरवाल्या ताईंना कळवलं होतं का?

ओझरवाली
"अंतर्गत धोरणानुसार" एवढंच आलं होतं नाना.

नियमवाले_नाना
हे कारण होत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत. लोक नुसते धाग्यावर चिडतात आणि झोपतात.

जय_गोदामाई
नाना मी केली ना तक्रार, लिमिट परत खाली आणून घेतलं. पण कस्टमर केअरची मुलगी सारखी विचारत होती की सर नक्की कमी करायचंय का, जसं काही मी किडनी देतोय.

बिनव्याजी_बंड्या
गोदामाईंना माझा सलाम. इथे सगळे लिमिट वाढवायच्या मागे आहेत म्हणून एक हिशोब मांडतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

समजा बिल आलं ५० हजार. मिनिमम ड्यू ५ टक्के धरा, २,५०० भरले आणि निवांत झालात. बऱ्याच कार्डांना व्याज महिन्याला साडेतीन टक्क्याच्या आसपास, म्हणजे १,७५०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३१५. झाले २,०६५. म्हणजे तुम्ही २,५०० भरले आणि मुद्दल कमी झाली ४३५ रुपये फक्त. आणि नवी खरेदी केली तर तिला ते बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, स्वाइप केल्या दिवसापासून मीटर चालू. वर्षाचे ४२ टक्के. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वर व्याज घेऊ नका म्हटलं होतं, ते डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात उडालं. सावकाराला गावात तोंड तरी दाखवावं लागायचं.

४५ हजार लिमिटवाला जास्तीत जास्त ४५ हजारातच बुडेल. संत्या भाऊ, आहे ते बरं आहे.

माजी_स्टॉलवाला
बंड्या, हिशोब बरोबर, निष्कर्ष चूक. संत्या भाऊ पूर्ण बिल भरतात, त्यांना ४२ टक्के लागतच नाहीत. जो पूर्ण भरतो त्याला लिमिट जास्त असणं फायद्याचंच, कारण वापर तेवढाच राहिला तर टक्केवारी खाली येते आणि स्कोअर सुधारतो.

बिनव्याजी_बंड्या
लिमिट वाढलं तरी वापर तेवढाच राहतो असा माणूस मला दाखवा. सिडकोत, सातपूरला, कुठेही.

ओझरवाली
आमच्या घरी आहे एक. पण त्याला फ्रिजचा दरवाजा जास्त वेळ उघडा राहिला तरी त्रास होतो.

सिडकोची_सई
मला दोघांचंही पटतंय. बाबांना जास्त लिमिट दिलं तरी काही होणार नाही, माझ्या भावाला दिलं तर तो दुसऱ्या दिवशी गोव्यात असेल. बँकेच्या फॉर्म्युलात स्वभावाचा रकाना नाही.

मिसळ_एके_मिसळ
धागा वाचता वाचता द्वारकेचा सिग्नल तीनदा सुटला आणि मी तिथेच. कुणीतरी सांगा, सिंहस्थापर्यंत हा चौक सुटेल का? लिमिट इथे पण संपलंय.

गोदाकाठचा_मुशाफिर
गाडी चालवताना धागे वाचू नका हो. आणि उत्तर आहे नाही.

मिसळ_एके_मिसळ
रिक्षात मागे बसलोय. असो, विषयावर येतो. माझ्या रिपोर्टमध्ये एक भलतंच मोटारसायकल लोन निघालं होतं, मला तर गिअरची गाडीच येत नाही. माझं नाव-आडनाव निफाड तालुक्यात हाक मारली तर दहा जण वळतील असं आहे, त्यातल्या कुणाचं तरी माझ्या नावावर चिकटलेलं. ते काढायचं कसं हे कुणाला माहिती असेल तर हवंय, माझा एक मित्र पण त्यातून जातोय.

नियमवाले_नाना
ब्युरोच्या वेबसाइटवर डिस्प्यूट टाकायचा, ज्या बँकेने ते कर्ज नोंदवलंय तिला पण लिहायचं. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि ब्युरो एक नाही चार आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चारही ठिकाणी बघा. प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. एखाद्या ॲपला पैसे देऊन काढायची गरज नाही.

जय_गोदामाई
पण सारखा रिपोर्ट बघितला तर स्कोअर पडतो ना?

माजी_स्टॉलवाला
नाही. स्वतः बघितला तर काही होत नाही. बँकेने तुमच्या अर्जावरून बघितला तर त्याची नोंद होते, आणि महिन्याभरात पाच-सहा बँकांच्या अशा नोंदी झाल्या की पुढच्याला वाटतं याला पैशाची निकड आहे. नकार आला की लोक चिडून लगेच दुसरीकडे टाकतात, तिसरीकडे टाकतात, तिथेच वाट लागते. त्या "आता घ्या नंतर भरा" ॲपचं पण तसंच, दोन हजाराचे शूज घेतले तरी रिपोर्टमध्ये एक कर्ज म्हणून येऊ शकतं.

संत्या भाऊ गायब आहेत, रिपोर्ट काढला का?

सातपूरचा_संत्या
आलो आलो. काढला रिपोर्ट, आमचा दोघांचा पण. तुम्ही लोकांनी एवढं लिहिलंय तर सविस्तर टाकतो.

माझा स्कोअर ७२१. डीपीडीचे सगळे चौकोन शून्य, एक डाग नाही. जामीन वगैरे नाही, मी लगेच ते शोधलं सई ताई. पण कार्डाच्या रकान्यात लिमिट ४५,०००, चालू बाकी ४१,३७०, आणि आजवरची सर्वात जास्त बाकी ४४,९१०. मी म्हटलं बाकी कुठली, मी तर पूर्ण भरतो! मग तारखा लावल्या. बिल १२ तारखेला बनतं, मी पगार झाल्यावर २८ च्या आसपास भरतो. पोरीची फी, किराणा, पेट्रोल, लाइट बिल सगळं त्याच कार्डावर, पॉइंट मिळतात म्हणून. म्हणजे बँक जेव्हा कधी ब्युरोला आकडा कळवते तेव्हा मी गळ्यापर्यंत भरलेला दिसतो.

बायकोचा स्कोअर ८०४. तिचं इंजिनिअरिंगचं एज्युकेशन लोन २०११ पासूनचं, पूर्ण फिटलेलं, नंतर स्कूटीचं लोन फिटलेलं, मग कार्ड. आधीच्या नोकरीत पगार त्याच बँकेत यायचा, बँकेने लिमिट वाढवायचे मेसेज पाठवले की ती "येस" दाबून मोकळी. आणि वापर महिन्याला दहा-बारा हजार. मला तसे मेसेज आले असतील तर मी फ्रॉड समजून डिलीट केले.

माजी_स्टॉलवाला
बघा, सगळं तिथेच आहे. ९० टक्के वापर आणि जुना पगार. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना किमान दर पंधरवड्याला ब्युरोकडे आकडे पाठवणं बंधनकारक झालं, आधी महिन्याला असायचे, त्यामुळे तुमची बाकी कुठल्या तारखेला किती आहे याला आता जास्तच अर्थ आलाय. ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळे सांगतात, तो काही रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, ठोकताळा आहे, ३४ झालं म्हणून आभाळ कोसळत नाही. पण ९० म्हणजे बँकेला वाटतं माणूस ओढाताणीत आहे, त्यांना तुमच्या घरातलं पॉइंटचं प्रेम दिसत नाही.

करायचं काय? एक, बिल बनायच्या आधी, १० तारखेच्या सुमारास थोडे पैसे कार्डात भरून टाका. दोन, आताच्या तीन सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ घेऊन जुन्या बँकेत लिमिट वाढवायचा रीतसर अर्ज द्या, उत्पन्न अपडेट करा असं म्हणा. तीन, पगार येतो त्या बँकेच्या ॲपमध्ये प्रीअप्रूव्ह्ड कार्ड दिसतंय का बघा, ते तुमचा पगार दर महिन्याला बघतातच. तिन्ही एकदम नका करू. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या उधारीवर बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं, १२५ टक्क्यांचं रिस्क वेट १५० केलं, तेव्हापासून बँकांनी हात आखडलाय. आमच्या वेळी वाटत होते तसं आता वाटत नाहीत.

बिनव्याजी_बंड्या
बिल बनायच्या आधी भरायचं तर क्रेडिट कार्ड कशाला, डेबिट वापरा ना.

माजी_स्टॉलवाला
बंड्या तू सुधरणार नाहीस.

सातपूरचा_संत्या
अपडेट. १० तारखेला २५ हजार भरून टाकले, पुढच्या महिन्यात पण तसंच केलं. फॉर्म १६ आणि स्लिपा घेऊन शाखेत गेलो. आधी तेच, "सिस्टिम ठरवते". म्हटलं सिस्टिमला हे कागद तरी दाखवा. तिथल्या मुलाने माझ्या प्रोफाइलमध्ये उघडून दाखवलं, वार्षिक उत्पन्न २,१६,०००, हुद्दा ट्रेनी. त्यालाच हसू आलं. बदल टाकला, लिमिट १ लाख ४० झालं. स्कोअर ७२१ वरून ७५३. सगळ्यांचे आभार, विशेषतः स्टॉलवाले.

ओझरवाली
अभिनंदन! मिसळ ड्यू झाली.

नाशिकरोडचे_आजोबा
मिसळ रोख पैशाने खाऊ घालणार असाल तर मी पण येतो.

द्राक्षवाला_दिंडोरी
मिसळ खा, पण माझं राहिलंय. सीए साहेबांचं ऐकून रिटर्नची तयारी चालू केली आहे, पण तोवर ओझरच्या ताईंसारखं एफडीवर कार्ड घ्यावं म्हणतो. प्रश्न असा की छाटणीच्या वेळी औषधाला पैसे कमी पडले आणि एफडी मोडायची वेळ आली तर?

ओझरवाली
दादा, कार्ड चालू आहे तोवर एफडी मोडता येत नाही, तिच्यावर बँकेचा ताबा असतो. आधी कार्डाची बाकी शून्य करून कार्ड बंद करायचं, मग एफडी सुटते. आणि बिल थकवलं तर बँक एफडीतून कापून घेते. म्हणून ज्या पैशाला वर्षभर हात लागणार नाही तेवढ्याचीच करा. कमी रकमेत पण होते, मोठी करायला हवीच असं नाही.

सीए_पंचवटी
आणि पीक कर्जाचं नवं-जुनं आधी करून घ्या, मग अर्ज. औषधाची खरेदी कार्डावर केलीत तर दुकानदार वर दोन टक्के मागतो का तेही विचारून ठेवा, दिंडोरी रोडला मागतात.

द्राक्षवाला_दिंडोरी
मागतातच. रोख दिले तर उलटी एक पिशवी वर देतात.